विश्लेषण : खेळ सांभाळायचा म्हणून शाखा बदलावी का? अर्ज भरण्याआधी काय तपासाल?

पहाटे साडेपाचला मैदान, नऊला कॉलेज, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि रात्री जर्नल. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत अभियांत्रिकी, फार्मसी किंवा बीएस्सी करता करता राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींचा दिवस साधारण असाच जातो. पहिल्या वर्षाचा निकाल हातात पडला की घरात एकच विषय सुरू होतो : शाखा बदलायची का? कुणी म्हणतं मेकॅनिकल सोडून हलकी शाखा घे, कुणी म्हणतं सरळ बीए कर, कुणी म्हणतं खेळच बंद कर. हा निर्णय बऱ्याचदा एखादा विषय राहिल्याच्या वैतागात किंवा निवड चाचणी तोंडावर आली असताना घेतला जातो. तो कसा घ्यावा, नियम काय सांगतात आणि आधी काय मोजायला हवं, याचा हा आढावा.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. शाखा बदलायची तर विषयासाठी बदलावी, वेळापत्रकासाठी नव्हे. वेळापत्रकाच्या अडचणीवर दुसरे उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत.

स्मृती मानधनानं काय केलं होतं?

या चर्चेत सांगलीत पहिलं नाव निघतं ते स्मृती मानधनाचं. माधवनगरात वाढलेल्या स्मृतीचा दहावीनंतर विज्ञान शाखा घेण्याचा विचार होता. क्रिकेटला वेळ उरणार नाही, हे ओळखून आईनं तिला त्यापासून परावृत्त केलं, असं तिनं मुलाखतीत सांगितलं आहे. पुढे ती सांगलीच्या चिंतामणराव वाणिज्य महाविद्यालयाची विद्यार्थिनी झाली. एप्रिल २०१३ मध्ये तिनं भारताकडून पदार्पण केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये वडोदऱ्यात १९ वर्षांखालील सामन्यात गुजरातविरुद्ध नाबाद २२४ धावा केल्या. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतानं महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हा ती संघाची उपकर्णधार होती.

‘बघा, तिनं विज्ञान घेतलं नाही म्हणून जमलं’, असा अर्थ घरोघरी काढला जातो. पण या उदाहरणातली महत्त्वाची गोष्ट शाखा नाही, वेळ आहे. मानधना कुटुंबानं हा निर्णय प्रवेश घेण्याआधी घेतला. तेव्हा भरलेली फी नव्हती, वाया गेलेलं वर्ष नव्हतं, राहिलेले विषय नव्हते. दोन रस्ते फुटतात तिथे उभं राहून एक निवडणं वेगळं आणि अर्धा रस्ता चालून मागे फिरणं वेगळं. दहावी-बारावीतल्या मुलांसाठी स्मृतीचं उदाहरण तंतोतंत लागू आहे. दुसऱ्या वर्षाला असलेल्या विद्यार्थ्यानं ते जसंच्या तसं उचलू नये.

अभियांत्रिकी आणि खेळ एकत्र जमतच नाहीत का?

जमतात. त्यासाठीही सांगली जिल्ह्याबाहेर जायला नको. आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी मेकॅनिकल इंजिनीअर आहेत. शाळेत असताना सायकलवरून पडून त्यांच्या हाताला कायमचं अपंगत्व आलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी गोळाफेकीच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर फेक करून रौप्यपदक जिंकलं. त्यांचं वय तेव्हा ३४ होतं. त्याआधी २०२३ आणि २०२४ मध्ये ते याच प्रकारात जागतिक विजेते ठरले होते.

शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी मात्र २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीच्या कंपाउंड प्रकारात वरिष्ठ गटाची जागतिक विजेती झाली, तेव्हा अवघ्या १७ वर्षांची होती. म्हणजे पदवीला जाण्याआधीच ती जगात पहिली होती.

या दोन टोकांमध्ये तुमचा खेळ आणि तुम्ही कुठे बसता, हा पहिला प्रश्न. फेकीच्या प्रकारांत, नेमबाजीत, लांब पल्ल्याच्या धावण्यात तिशीतही कामगिरी उंचावते. तिथे पदवीची चार वर्षं म्हणजे सगळं आयुष्य नव्हे. जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळात किंवा वयोगटाची मर्यादा असलेल्या संघांत मात्र गेलेला हंगाम परत येत नाही. प्रशिक्षकांना सरळ विचारा : सर, आपल्या खेळात माझी सर्वोत्तम वर्षं कोणती? उत्तर ‘अजून सहा-सात वर्षांनी’ असेल, तर आज घाईनं शाखा सोडण्याचं कारण कमी होतं.

शाखा बदलल्यानं खरंच किती वेळ वाचतो?

इथे भावना बाजूला ठेवून आकडे मांडू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत एका सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात, मग ते बीकॉम असो की बीटेक. ढोबळमानानं थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे दोन तास.

समजा, अभियांत्रिकीच्या एका सत्रात १५ क्रेडिट थिअरीची आणि ६ प्रॅक्टिकलची आहेत. आठवड्याचे तास झाले १५ अधिक १२, म्हणजे २७. वाणिज्य शाखेत जवळपास सगळी क्रेडिट थिअरीची धरली, तर तास होतात २१ ते २२. वर्गातला फरक ५-६ तासांचा. सबमिशन, जर्नल आणि तोंडी परीक्षा धरल्या तर तो वाढतो, हे खरं. पण ‘दिवसभर मोकळा मिळेल’ ही कल्पना कागदावर टिकत नाही.

आता दुसरा हिशेब. कराडहून साताऱ्याला रोज ये-जा करणारा विद्यार्थी एकेरी सुमारे ५० किलोमीटर जातो. एसटीची वाट पाहणं धरून जाऊन-येऊन अडीच तास धरा. सहा दिवसांचे झाले १५ तास. म्हणजे शाखा बदलून जितका वेळ सुटेल, त्याच्या जवळपास अडीचपट वेळ रस्त्यावर जातो आहे. अशा विद्यार्थ्याला नवी शाखा नको, मैदानाजवळ किंवा कॉलेजजवळ खोली हवी. खोलीचं भाडं आणि वर्ष वाया गेल्याचा खर्च यांची तुलना घरातल्यांनी एकदा बसून करावी.

म्हणून आमचा पहिला सल्ला : चार आठवडे वहीत किंवा मोबाइलवर तासांची नोंद ठेवा. वर्ग, प्रॅक्टिकल, प्रवास, सराव, झोप, अभ्यास आणि स्क्रीन, असे सात रकाने पुरेत. निर्णय त्यानंतर.

हजेरीचं काय?

खेळाडू विद्यार्थ्याचं खरं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. सर्वसाधारण अट ७५ टक्के हजेरीची. सत्र ९० दिवसांचं धरलं, तर २२ दिवसांची सूट मिळते. १५ दिवसांचं सराव शिबिर आणि प्रवासासह ८ दिवसांची एक स्पर्धा झाली की हिशेब २३ वर जातो. वर्षभर आजारी न पडता, एकही तास न बुडवता, फक्त एका निवडीमुळे विद्यार्थी हजेरीच्या यादीत लाल रंगात येतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आणि पहिल्या सत्राच्या परीक्षा साधारण एकाच काळात येतात, ही आणखी एक अडचण.

पण लक्षात घ्या, ७५ टक्क्यांची अट कला आणि वाणिज्य शाखेलाही असते. काही कॉलेजांत ती सैलपणे पाळली जाते म्हणून तिकडे जायचं, हा निर्णय शिक्षणाचा नाही, पळवाटेचा आहे. आणि पळवाट कधीही बंद होऊ शकते.

अडचण नेमकी कशाची, हे कसं ओळखायचं?

तीन शक्यता असतात आणि तिघींची औषधं वेगळी आहेत.

• विषय पटत नाही : सुट्टीत, सराव नसतानाही पुस्तक उघडावंसं वाटत नाही. पुढची चार वर्षं आणि नंतरची नोकरी यात काढायची या विचारानंच नको वाटतं. इथे शाखा बदलणं योग्य आहे, खेळ असो वा नसो. आणि ते जितक्या लवकर, तितकं बरं.

• तास पुरत नाहीत : विषय आवडतो, समजतो, पण प्रवास, सबमिशन आणि सराव यांत दिवस संपतो. इथे आधी प्रवास आणि राहण्याची सोय बदला, मग सरावाच्या वेळा. शाखा सगळ्यात शेवटी.

• हंगाम आडवा येतो : एरवी सगळं ठीक असतं, पण वर्षातले दोन-तीन महिने परीक्षा आणि स्पर्धा एकमेकींवर आदळतात. याला शाखा बदलणं हा उपाय नव्हेच, कारण नव्या शाखेतही परीक्षा त्याच महिन्यांत असतील.

याला एक चौथी कसोटी जोडावी. उद्या दुखापत होऊन खेळ थांबला, तर मला हीच शाखा हवी असेल का? सांगलीच्या संकेत सरगरचं उदाहरण आठवा. शिवाजी विद्यापीठात इतिहास शिकणाऱ्या या वेटलिफ्टरनं २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवलं. सुवर्ण एका किलोनं हुकलं, कारण क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात त्याचं कोपर दुखावलं. इतक्या वरच्या पातळीवरही एका क्षणात गणित बदलतं. म्हणून ‘खेळाला सोयीची’ शाखा निवडताना ती खेळाशिवायही आपल्याला पेलेल आणि आवडेल, याची खात्री हवी.

बदलायचंच ठरलं, तर मार्ग कोणते?

• त्याच कॉलेजात शाखाबदल : अभियांत्रिकीत प्रथम वर्ष पूर्ण झाल्यावर दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला, जागा रिक्त असतील तर आणि गुणवत्तेनुसार, बदल मिळू शकतो. म्हणजे ज्याचे विषय राहिलेत, त्यालाच बदलाची गरज वाटते आणि त्यालाच तो मिळणं अवघड जातं. हे आधीच ओळखून पहिल्या वर्षाचे गुण सांभाळा.

• वेगळ्या अभ्यासक्रमात नवा प्रवेश : अभियांत्रिकीतून बीएस्सी, बीसीए, बीकॉम किंवा बीएकडे जाणं म्हणजे बहुतेकदा पुन्हा पहिलं वर्ष. ‘अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये जमा झालेली क्रेडिट सात वर्षांपर्यंत ग्राह्य असतात. पण त्यातली किती नव्या अभ्यासक्रमात धरायची, हे घेणारी संस्था ठरवते. तोंडी आश्वासनावर न जाता लेखी घ्या.

• एक वर्षानंतर बाहेर पडून परतणं : नव्या धोरणात एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका आणि पुढे पुन्हा प्रवेश, अशी सोय आहे. विद्यापीठानं ती तुमच्या अभ्यासक्रमाला कशी लागू केली आहे, हे पाहा. सातारा-सांगलीतली अनेक कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची आहेत, काही अभियांत्रिकी कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडलेली आहेत, काही स्वायत्त आहेत. शेजारच्या कॉलेजातल्या मित्राचा नियम तुम्हाला लागू असेलच असं नाही.

• दोन पदव्या एकाच वेळी : विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ पासून याला परवानगी दिली आहे. एक पदवी प्रत्यक्ष आणि दुसरी दूरशिक्षणातून करता येते. खेळाडूनं मात्र आधीच कमी असलेले तास आणखी वाटायचे का, हे पाहावं.

बदलल्यावर काय हातचं जाऊ शकतं?

पहिलं, फी-सवलत. शिष्यवृत्ती ठरावीक अभ्यासक्रमाला आणि ठरावीक वर्षांसाठी मंजूर झालेली असते. अभ्यासक्रम मध्येच बदलला किंवा खंड पडला, तर ती पुढे चालू राहते का, हे महाडीबीटीच्या अर्जाआधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा. मुलींनी तर हे नक्कीच विचारावं. आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, ओबीसी आणि एसईबीसी घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय राज्य सरकारनं २०२४ मध्ये घेतला. असा अभ्यासक्रम सोडताना नेमकं काय सोडतो आहोत, हे माहीत असायला हवं.

दुसरं, खेळण्याची पात्रता. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावं लागतं आणि वयाची मर्यादा असते. वेळ मिळावा म्हणून दूरशिक्षणाला गेलात आणि त्यामुळे विद्यापीठाच्या संघातून बाहेर पडलात, तर बदल कशासाठी केला? अर्जाआधी कॉलेजच्या क्रीडा संचालकांना भेटा.

तिसरं, नोकरी. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी पदाची शैक्षणिक अट पूर्ण करावीच लागते. बऱ्याच पदांना कोणतीही पदवी चालते, अभियंत्याच्या पदाला मात्र अभियांत्रिकीच लागते. म्हणून पदवी कोणती, यापेक्षा पदवी पूर्ण होणं महत्त्वाचं.

ललिता बाबर यांनी काय बदललं होतं?

माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर लांब पल्ल्याच्या धावपटू. मुंबई मॅरेथॉनमध्ये त्या भारतीय महिलांत तीनदा पहिल्या आल्या. त्यानंतर त्या ३००० मीटर स्टीपलचेसकडे वळल्या. २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, पुढच्या वर्षी आशियाई अजिंक्यपद आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये थेट अंतिम फेरी, तिथे दहावं स्थान. पुढे राज्य सरकारनं त्यांना उपजिल्हाधिकारी पदावर नियुक्ती दिली.

त्यांनी बदल केला, पण हातचं टाकून दिलं नाही. मॅरेथॉननं कमावलेला दम नव्या शर्यतीत उपयोगी पडला. फक्त अडथळे आणि पाण्याचा खड्डा नव्यानं शिकावा लागला. शाखा बदलताना हीच कसोटी लावता येते. आतापर्यंत शिकलेलं गणित, प्रोग्रामिंग किंवा रसायनशास्त्र जिथे कामी येईल, तिकडे वळणं हा बदल. सगळं शून्यावर आणून नव्यानं सुरुवात करणं ही माघार, आणि तिची किंमत मोठी असते. कधीकधी माघारही घ्यावी लागते, पण ती बदल समजून घेऊ नये.

न बदलता काय करता येईल?

• सत्र सुरू होताच स्पर्धांचं संभाव्य वेळापत्रक वर्गशिक्षक, विभागप्रमुख आणि क्रीडा विभागाला लेखी द्या. शिबिराचं पत्र परत आल्यावर नव्हे, जाण्याआधी जमा करा.
• प्रॅक्टिकलची तुकडी सरावाच्या वेळेनुसार बदलून मागा. ही विनंती पहिल्याच आठवड्यात सोपी असते.
• थिअरी मित्राच्या नोट्सवर भागते, प्रॅक्टिकल भागत नाही. सुट्टीचे दिवस थिअरीच्या तासांवर घाला.
• सगळे विषय एकाच वेळी सोडवण्याचा अट्टहास नको. एटीकेटीचे नियम वाचून एखादा विषय ठरवून पुढे ढकलणं, नकळत चार विषयांत नापास होण्यापेक्षा बरं. मात्र पहिल्या वर्षाचे विषय सुटल्याशिवाय तिसऱ्या वर्षात जाता येत नाही, ही अट सर्वसाधारणपणे असते, ती विसरू नका.
• पदवी एक वर्ष उशिरा झाली, तर घरच्यांना चालेल का, हे मोकळेपणानं विचारा. पाच वर्षांत आवडती पदवी आणि खेळ, हा सौदा अनेकदा चार वर्षांतल्या नावडत्या पदवीपेक्षा चांगला असतो.

कॉलेजांची जबाबदारी कुठे आहे?

या सगळ्या तडजोडी १९-२० वर्षांच्या मुलानंच करायच्या, हे आम्हाला मान्य नाही. पदक मिळालं की कॉलेजच्या फाटकावर फलक लागतो. त्याच खेळाडूचं हजेरीचं पत्र मात्र तीन टेबलं फिरतं. बहुतेक ठिकाणी सवलत मिळते, पण ती एखाद्या प्राध्यापकाच्या चांगुलपणावर. चांगुलपणा बदलीबरोबर दुसऱ्या गावाला जातो.

कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावं, म्हणून कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले होते. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आज कोणत्याही प्राचार्यांनी घर गहाण ठेवण्याची गरज नाही. एका पानाचं परिपत्रक पुरेल. अधिकृत शिबिर आणि स्पर्धेचे दिवस हजेरीत धरले जातील, हुकलेलं प्रॅक्टिकल पंधरा दिवसांत भरून मिळेल, स्पर्धेच्या दिवशी आलेल्या अंतर्गत परीक्षेची फेरपरीक्षा होईल, आणि या कामासाठी अमुक एक शिक्षक जबाबदार असतील. चार वाक्यं, सूचना फलकावर, प्रवेशाच्या दिवशी. दोन्ही जिल्ह्यांतल्या कॉलेजांनी आणि विद्यापीठांनी येत्या सत्राआधी एवढं केलं, तरी शाखाबदलाचे किती अर्ज आपोआप कमी होतात, ते दिसेल.

तोपर्यंत विद्यार्थ्यांसाठी क्रम असा : चार आठवड्यांची नोंद, प्रशिक्षकांशी बोलणं, क्रीडा संचालक आणि कार्यालयाकडून लेखी उत्तरं, मग आई-वडिलांसोबत बैठक. इतकं करूनही विषयच नकोसा वाटत असेल, तर निर्धास्तपणे बदला. आणि विषय आवडत असेल, फक्त दिवस अपुरा पडत असेल, तर अर्ज तूर्त बाजूला ठेवा आणि आधी राहण्याची खोली शोधा.